एरागॉन : उसनं किती, स्वतःचं किती

मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. क्रिस्तोफर पाओलिनीची 'एरागॉन' ही कादंबरी आमच्या कपाटातल्या सगळ्यांत झिजलेल्या पुस्तकांपैकी एक. पाठीवरची पट्टी पुन्हा चिकटवावी लागते, पानं सुटी होतात, तरी मुलं तीच मागतात. माझ्या भाचीनं शाळेत असताना 'एरागॉन'पासून सुरू होणाऱ्या चार भागांच्या मालिकेची पारायणं केली होती. आता ती इंग्रजी साहित्यात एम.ए. करते आहे आणि तिचं मत पार फिरलं आहे. माझं फिरलेलं नाही. यावर आमचा बराच वाद झाला, त्यातला मुद्द्याचा भाग इथे देते. चारही भागांचे शेवट बोलण्याच्या ओघात उघडे पडले आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

भाची : मावशी, मला एकच सांग. या पुस्तकात पाओलिनीचं स्वतःचं काय आहे? १९७७चा 'स्टार वॉर्स' आठव. शेतावर काकाकडे वाढलेला पोरगा. साम्राज्याची माणसं काकाला मारतात. जवळपास राहणारा म्हातारा जुना योद्धा निघतो, पोराला तलवार देतो, शिकवतो आणि मध्येच मरतो. शत्रूच्या कैदेतली राजकन्या सोडवायची आणि शेवटी बंडखोरांच्या तळाशी मोठी लढाई. 'एरागॉन'मध्ये काकाच्या जागी मामा आहे, एवढाच फरक.

मी : आणि ड्रॅगन.

भाची : ड्रॅगन तरी त्याचे कुठे आहेत? अ‍ॅन मॅकॅफ्रीनं १९६७ मध्ये पर्न या ग्रहावरची पहिली गोष्ट लिहिली, १९६८ मध्ये 'ड्रॅगनफ्लाइट' आली. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू समोरच्या मुलांतून एकाला निवडतं आणि त्या क्षणापासून दोघांची मनं एकमेकांना ऐकू येतात, ही कल्पना तिची. तिला त्यासाठी ह्यूगो पुरस्कार मिळाला, कथालेखनासाठी तो मिळवणारी ती पहिली बाई. वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर सत्ता चालते, हे अर्सुला ले ग्विनचं, तेही १९६८चं. एल्फ, बुटके, त्यांच्या भाषा, सुरुवातीचा नकाशा हे सगळं टॉल्किनचं. एवढं वजा केल्यावर हातात काय राहतं?

मी : वजा कर सगळं. तुझी यादी बरोबर आहे, मी त्यातलं एकही नाव खोडणार नाही. आता उरतं ते बघू. सुरुवात आठवते का? पंधरा वर्षांचा एरागॉन स्पाइनच्या डोंगरात शिकारीला गेलाय. तीन दिवस ज्या हरणीच्या मागावर होता ती हातची जाते आणि तिच्या जागी मिळतो एक गुळगुळीत निळा दगड. अशा वेळी बहुतेक गोष्टींतला मुलगा दगड घेऊन स्वप्नं बघत बसला असता. हा दगड घेऊन गावातल्या खाटकाकडे जातो. घरात हिवाळ्यासाठी मांस नाही, याच्याकडे पैसे नाहीत, म्हणून दगडाच्या बदल्यात मांस दे म्हणतो.

भाची : स्लोन. दगड स्पाइनमधून आणलाय हे कळल्यावर तो हात लावायलाही तयार होत नाही, कारण त्याची बायको त्याच डोंगरात गेलेली असते.

मी : मग लोहार मध्ये पडतो, मांसाचे पैसे भरतो आणि एरागॉन त्या बदल्यात वसंतात त्याच्याकडे राबायचं कबूल करतो. ड्रॅगनच्या कादंबरीत ड्रॅगन यायच्या आधी उधारी आहे, भूक आहे आणि ती अंगमेहनतीनं फेडायचा करार आहे. हे तुझ्या यादीत कुठे बसतं?

भाची : चांगला प्रसंग आहे, मान्य. पण एका प्रसंगावर पाचशे पानं उभी राहत नाहीत.

मी : एका नाही. पहिली भरारी घे. गावात काळ्या कपड्यांतले दोन परके त्याची चौकशी करत आलेत हे कळतं आणि त्या दगडातून, म्हणजे अंड्यातून, निघालेली ड्रॅगन सफीरा बिथरते. ती जेमतेम वाढलेली आहे, घाबरलेली आहे. एरागॉनला पाठीवर घेऊन ती त्याच्या मनाविरुद्ध डोंगरात उडून जाते. खोगीर नाही. उतरल्यावर त्याला कळतं की मांड्यांची आतली कातडी तिच्या खवल्यांनी सोलवटून निघाली आहे. त्याला चालवत नाही. रात्र थंडीत तिच्या पंखाखाली काढतो, परतायला दुसरा दिवस उजाडतो आणि तोवर घर उद्ध्वस्त झालेलं असतं. मामा त्या जखमांनी पुढे मरतो. म्हणजे ज्या भरारीची मुलं वाट बघत असतात, ती त्याच्या वाट्याला रक्त आणि अपराधीपणा घेऊन येते. तो सफीरावर चिडतो. पहिला घाव तिच्या भीतीमुळे बसलाय हे दोघांनाही माहीत असतं आणि नातं तिथून पुढे वाढतं. नंतर त्याचा म्हातारा गुरू ब्रॉम कातड्याचं खोगीर करून देतो, त्या खोगिराची किंमत वाचणाऱ्याला तोवर कळलेली असते.

भाची : मॅकॅफ्रीचे स्वारही पट्ट्यांनी स्वतःला बांधून घेतात.

मी : घेतात. तिच्याकडे व्यवस्था तयार आहे, शतकांची आहे. इथे दोन पोरं आहेत आणि शिकवणारं कुणी नाही. झाडावर फांद्यांचा आडोसा करून पिल्लू लपवायचं, घरातलं मांस चोरून त्याला घालायचं, ते रोज किती वाढलं ते बघायचं. वाचणारा मुलगा त्या पानांत एक प्राणी वाढवत असतो.

भाची : व्यवस्था तयार आहे म्हणतेस, पण मॅकॅफ्रीची ताकद तीच आहे. ड्रॅगन पाळायचे तर त्यांना खाऊ कोण घालणार? आजूबाजूची ठाणी धान्य आणि जनावरं पाठवतात. आकाशातून जीवघेणे धागे पडायचे थांबून पिढ्या उलटतात तेव्हा तीच माणसं म्हणायला लागतात की या स्वारांना आपण का पोसायचं? हा प्रौढ प्रश्न आहे. पाओलिनीचे जुने स्वार शांततेचे रखवालदार होते म्हणे. त्यांचं पोट कोण भरत होतं, त्यांच्यावर अंकुश कुणाचा होता, यावर पहिल्या पुस्तकात काही नाही. पुढे राजा झालेल्या गॅल्बटोरिक्सचा ड्रॅगन मरतो, त्याला दुसरा मिळत नाही, तो वेडा होऊन बंड करतो. झालं. सत्तेचा विचार एवढ्यावरच संपतो.

मी : पहिल्या पुस्तकात संपतो. पण जादूचा हिशेब बघ. या जगात मंत्रानं एखादं काम केलं तर हातानं करायला लागली असती तेवढीच शक्ती अंगातून जाते. पहिल्यांदा तो मंत्र फेकतो तेव्हा समोरचे अर्गल राक्षस मरतात आणि हाही कोसळतो. वाळवंटात जमिनीखालचं पाणी वर खेचायचं तर तेही घाम गाळूनच. शक्तीपेक्षा मोठं काम अंगावर घेतलंस तर मरशील, हे ब्रॉम त्याला पुन्हा पुन्हा सांगतो.

भाची : आणि पुढच्या भागांत लेखकच पळवाट काढतो. हिऱ्यामाणकांत शक्ती साठवायची, दुसऱ्याची घ्यायची. 'ब्रिसिंगर'मध्ये तर एल्डुनारी निघतात. ड्रॅगनच्या छातीतलं एक रत्न, ज्यात त्याचं मन शरीर गेल्यावरही राहू शकतं. अशी शेकडो रत्नं गॅल्बटोरिक्सनं कोंडून ठेवलेली. मग श्रमाच्या हिशेबाला अर्थ काय राहिला?

मी : तिथेच तर अर्थ आला. शंभर वर्षं राजा एवढा बलाढ्य का, याचं उत्तर त्यात आहे. ती शक्ती त्याची नाहीच. मेलेल्या ड्रॅगनांची मनं गुलाम करून त्यांच्या जिवावर तो बसलाय. एका बाजूला लोहाराकडे राबून मांसाचे पैसे फेडणारा मुलगा, दुसऱ्या बाजूला शेकडो जीवांचं बळ कोंडून ठेवणारा राजा. सत्तेचा विचार नाही म्हणालीस, हा काय आहे?

ती यावर जरा वेळ गप्प राहिली. मला वाटतं, तिला मुद्दा पटला होता, पण मालिकेच्या तिसऱ्या भागातलं उत्तर पहिल्या भागाच्या खात्यावर जमा करायला ती तयार नव्हती. समीक्षक म्हणून तिचं ते बरोबरच होतं. तिनं वेगळी बाजू धरली.

भाची : बरं, वयाचं काय? 'पंधरा वर्षांच्या मुलानं लिहिलेली कादंबरी' हे लेबल पुस्तकाच्या आधी धावलं. आपण पुस्तक वाचतो की जाहिरात?

मी : घडलं ते नीट मांडू. पाओलिनीचा जन्म १९८३चा. मोंटानातल्या पॅराडाइज व्हॅलीत वाढला, शाळा घरीच. पंधराव्या वर्षी पत्रद्वारा शालेय शिक्षण संपलं आणि लिहायला घेतलं. एक वर्ष पहिला खर्डा, दुसरं वर्ष तो दुरुस्त करण्यात. मग आईवडिलांनी घरच्या छोट्या प्रकाशनातर्फे २००२ मध्ये पुस्तक काढलं. मुखपृष्ठावरचा सफीराचा डोळा त्यानं स्वतः काढला, आतला नकाशाही. त्यानंतर मध्ययुगीन पोशाख घालून हा मुलगा शाळांत, ग्रंथालयांत, पुस्तकांच्या दुकानांत उभा राहिला. असे १३५हून जास्त कार्यक्रम केले. मोंटानात सुट्टीला आलेल्या कार्ल हायासन या कादंबरीकाराच्या सावत्र मुलानं ते पुस्तक वाचलं, त्याला ते फार आवडलं, हायासननं आपल्या प्रकाशकांना कळवलं आणि ऑगस्ट २००३ मध्ये नॉफनं नवी आवृत्ती आणली. तेव्हा पाओलिनी एकोणीस वर्षांचा होता.

भाची : म्हणजे घरात प्रकाशन होतं, पाठीशी पूर्णवेळ आईवडील होते. हे प्रत्येक मुलाच्या नशिबी नसतं.

मी : नसतं. पण ते पुस्तक मोठ्या प्रकाशकापर्यंत नेलं एका वाचणाऱ्या मुलानं. परीक्षण नव्हतं, पुरस्कार नव्हता. माझ्या कामात मला हेच दिसतं. हे पुस्तक वाचून मुलं लिहायला लागतात. वहीच्या मागच्या पानांवर नकाशे काढतात, डोंगरांना नावं देतात. ज्यांच्या निबंधाला दहापैकी चार मिळतात ती मुलं ड्रॅगनची वंशावळ लिहितात. आधी दुसऱ्याचं गिरवल्याशिवाय स्वतःचं अक्षर येत नाही.

भाची : मग गिरवलेली वही छापायची का, मावशी?

हा तिचा सगळ्यांत नेमका प्रश्न. त्याला पटकन देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि तिला ते दिसलं. म्हणून मी तिला २००६च्या चित्रपटाकडे नेलं. तो दोघींनाही आवडत नाही, त्यामुळे तिथे भांडण नव्हतं.

मी : चित्रपटानं पुस्तकातलं काय ठेवलं?

भाची : सांगाडा. शेत, मामाचा मृत्यू, ब्रॉम, राजकन्या आर्याची सुटका, शेवटची लढाई. जेरेमी आयर्न्सचा ब्रॉम सोडला तर आठवण्यासारखं काहीच नाही.

मी : आणि सफीरा कशी वाढते?

भाची : पिल्लू आकाशात झेपावतं, ढगात विजा चमकतात आणि खाली येताना पूर्ण वाढलेली ड्रॅगन. काही सेकंदांत.

मी : म्हणजे झाडावरचा आडोसा गेला, चोरून नेलेलं मांस गेलं, वाढण्याचे आठवडे गेले. सोलवटलेल्या मांड्याही गेल्या. तू जेवढं उसनं म्हणालीस त्यातलं बरंचसं चित्रपटानं ठेवलं आणि बाकीचं टाकलं. उसनंच जर पुस्तकाचं सर्वस्व असतं, तर चित्रपट आवडायला हवा होता. लोकांना तो ओळखीचा वाटला आणि कंटाळवाणा वाटला. ज्यासाठी मुलं पुस्तक धरून बसतात, ते नेमकं वगळलं गेलं होतं.

भाची : चित्रपट वाईट असायला इतर कारणंही असतात. पण… हो, सफीराचं वाढणं हा पुस्तकाचा प्राण आहे, एवढं मी लिहून देते.

मी : आता तुझ्या वहीच्या प्रश्नाकडे येते. पहिल्या पुस्तकाच्या शेवटाकडे एक बाई अनाथ तान्हं मूल घेऊन येते, आशीर्वाद मागते. एरागॉन जादूच्या प्राचीन भाषेत चार शब्द बोलतो. पहिल्या वाचनात आपण पुढे निघून जातो. दुसऱ्या भागात, 'एल्डेस्ट'मध्ये, कळतं की त्याचं व्याकरण चुकलं होतं. 'तुझं संकटांपासून रक्षण होवो' म्हणायचं होतं, म्हणाला 'तू संकटांपासूनचं रक्षण हो'. ते मूल, एल्वा, आता जवळपासच्या प्रत्येकाची वेदना भोगतं आणि ती निवारण्यासाठी त्याला धावावं लागतं. लहानगं वय आणि प्रौढ माणसाचा आवाज. एवढा क्रूर प्रसंग किशोरांच्या कादंबरीत मी क्वचितच वाचलाय. नायकानं कुणाचंही वाईट चिंतलेलं नव्हतं. त्याला अर्धवट येणारी विद्या त्यानं ऐटीत वापरली, एवढंच.

भाची : आणि तो शाप पुढेही पूर्ण मिटत नाही. 'ब्रिसिंगर'मध्ये एरागॉन प्रयत्न करतो. धावून जाण्याची सक्ती सुटते, वेदना ओळखण्याची शक्ती एल्वा स्वतः ठेवून घेते. मग तिची मदत मागायला जातो तर ती नाही म्हणते.

मी : नाही म्हणायचा हक्क तिला आहे, हे लेखक तिला देतो. अर्गलांचंही तेच. पहिल्या पुस्तकात ते टॉल्किनच्या ऑर्कसारखे, गावं कापून काढणारे. याझुअक गावातला प्रेतांचा ढीग मुलांना झोपू देत नाही. दुसऱ्या भागात त्यांचाच सरदार मित्रपक्षात येतो. मग कळतं, त्यांची घरं आहेत, गाणी आहेत, बायकांपुढे मान मिळवायची त्यांची रीत आहे, आणि गावं कापायला लावणाऱ्यानं त्यांची मनंच ताब्यात घेतली होती. २०११च्या 'इनहेरिटन्स'मध्ये एरागॉन ड्रॅगनांशी झालेला जुना करार बदलतो आणि बुटक्यांबरोबर अर्गलांनाही स्वार होण्याचा मार्ग मोकळा करतो. उसन्या घेतलेल्या राक्षसांना या मुलानं बारा वर्षांत माणूस केलं. वही छापली म्हणून त्याला त्याच वहीला उत्तर द्यावं लागलं, सगळ्या वाचकांसमोर.

भाची : हे तू आधी कधी बोलली नव्हतीस.

मी : तू आधी कधी असं विचारलं नव्हतंस.

भाची : तरी माझी एक तक्रार राहतेच, आणि तिला तुझ्याकडे उत्तर नसेल. सफीराचं काय? तिच्या माहितीत तिच्या जातीची मादी दुसरी कुणीच नाही. वयात येते तेव्हा ग्लेडर या म्हाताऱ्या ड्रॅगनकडे जाते, तो तिला झिडकारतो आणि तिची ती लाज, तो एकटेपणा दोन-चार पानांत आटोपतो, कारण एरागॉनला आर्यामागे झुरायचं असतं. शेवटच्या भागात फिर्नेन हा ड्रॅगन अंड्यातून बाहेर येतो, तेव्हा कुठे तिला जोडीदार, आणि तोही भराभर वाढवून आणलेला. इतकी शहाणी, इतकी अभिमानी ड्रॅगन, पण गोष्ट कायम स्वाराची. 'ब्रिसिंगर'मध्ये काही पानं तिच्या नजरेतून आहेत. तिथे भाषा बदलते, आजूबाजूच्या गोष्टींना जोडशब्दांची नावं मिळतात. ती मालिकेतली माझी सर्वांत आवडती पानं. तो हे करू शकत होता, हे तिथे दिसतं. मग का नाही केलं?

मी : या तक्रारीला माझ्याकडे खरंच उत्तर नाही. सफीरानं एरागॉनला निवडलं, अंड्यात राहून योग्य हाताची वाट बघितली, हे मी सांगू शकते. पण निवडल्यानंतरचं तिचं आयुष्य कुणाचं, हा प्रश्न मालिका टाळते. तू त्यावर लिही.

भाची : प्रबंधात लिहिणार आहे. पण मग मुलांच्या हाती सरळ ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' का देत नाहीस? पुस्तक लहान, भाषा नितळ, एक शब्द जास्तीचा नाही. पाओलिनीचं गद्य विशेषणांनी लडबडलेलं आहे. सूर्यास्त आला की चार ओळी.

मी : दिलं आहे. आमच्याकडे सेमी-इंग्रजीची मुलं जास्त. घरी मराठी, इंग्रजीवर हात नुकता बसतोय. अर्थसीत पुढे काय होणार याचा अंदाज बांधता येत नाही, आणि त्यात शब्दही अडले की मुलगा पुस्तक परत आणून देतो. 'एरागॉन'मध्ये म्हातारा काहीतरी लपवतोय हे त्याला आधीच कळलेलं असतं, राजकन्या सुटणार हेही. शब्द अडला तरी तो गोष्ट सोडत नाही. तुझी ती उसनी चौकट त्याला धरायला कठडा देते. पाचशे पानांचं इंग्रजी पुस्तक संपवलं, हे तो वर्गात सगळ्यांना सांगत फिरतो. त्यानंतर अर्थसी दिलं की ते परत येत नाही.

भाची : तू मला तसंच दिलं होतंस का? आधी हे, मग ते?

मी : हो. आणि तू दुसरं वाचून पहिल्यावर रागावलीस. ते मला चालतं.

भाची : मला नाही चालत. अर्थसी आधी मिळालं असतं तर मी काय वाचत गेले असते, हे आता कळायला मार्ग नाही. निदान एक कर. दोन्ही एकाच फळीवर शेजारी ठेव. कुठलं आधी हे मुलांनाच ठरवू दे.

मी : ठेवते. यात तुझं बरोबर आहे.

भाची : आणि 'ड्रॅगनफ्लाइट'?

मी : ते नववी-दहावीच्या कप्प्यात. स्त्री-पुरुष संबंधांचे त्यातले काही प्रसंग लहान मुलांसाठी नाहीत. माझ्या मते आज ते मोठ्यांनाही खटकायला हवेत.

भाची : मान्य. पण मग 'एरागॉन' आधी वाचलेल्या मुलाला वाटणार की मॅकॅफ्रीनंच पाओलिनीचं उचललं.

मी : म्हणून तर कुणी ते पुस्तक न्यायला आलं की मी आधी आतलं पान उघडून साल दाखवते. १९६८.